‘पोट परत मोठं झालं का?’ – वजनाच्या सर्जरीनंतर किलो पुन्हा चढू लागतात तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या बाईंचं वय ४१, उंची १६० सेंटिमीटर. पावणेतीन वर्षांपूर्वी वजन कमी करण्यासाठी स्लीव्ह सर्जरी (जठराचा मोठा भाग काढून टाकण्याची) झाली तेव्हा वजन ११८ किलो होतं. सव्वा वर्षात ते ७९ वर आलं, काही महिने तिथेच टिकलं आणि आता काटा ८६ दाखवतोय. त्यांना चार गोष्टी हव्या आहेत: पोट परत मोठं झालं का, पाच दिवस नुसत्या पातळ पदार्थांवर राहून ते ‘रीसेट’ होतं का, दुसरी सर्जरी करावी का, आणि धाकट्या बहिणीने हीच सर्जरी करून घ्यावी का. शेवटी एक वाक्य आहे: “इतकं करूनही मी नापास झाले.”

मी सर्जन नाही, आहारतज्ज्ञ आहे. सर्जनकडे लोक पहिलं वर्षभर येतात. माझ्याकडे येतात ते वजन परत वाढायला लागल्यावर. त्यामुळे हे ‘नापास’ मी बरेचदा ऐकलंय. उत्तराला तिथूनच सुरुवात करते, कारण आकडे वेगळंच सांगतात.

११८ वरून ८६ म्हणजे ३२ किलो कमी, मूळ वजनाच्या २७ टक्के. मूळ वजनाच्या २० टक्के किंवा त्याहून जास्त उतरलं की सर्जरीचा निकाल चांगला धरतात. सगळ्यात खालच्या आकड्यापासून तुम्ही ७ किलो वर आलात. उतरलेल्या ३९ किलोंपैकी हे झाले १८ टक्के. उतरलेल्यापैकी ३० टक्क्यांहून जास्त परत आलं तर त्याला वजन पुन्हा वाढल्याची वैद्यकीय अडचण म्हणावं, अशी व्याख्या सध्या वापरतात. तुम्ही त्या रेघेच्या अलीकडे आहात. चालताय मात्र तिच्याच दिशेने, म्हणून आत्ताच विचारलंत हे बरं केलंत. बहुतेक जण २० किलो चढल्यावर येतात, तेही मान खाली घालून.

थोडं परत वर येणं जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला येतं, आणि हे आधी सांगितलं जात नाही याचा मला राग आहे. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात बायपास (जठराचा छोटा कप्पा करून तो थेट पुढच्या आतड्याला जोडण्याची, वजनासाठीचीच दुसरी सर्जरी) केलेल्यांचं वजन एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं होतं, दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर आली आणि पुढे साधारण तिथेच थांबली. अमेरिकेतल्या युटा राज्यात बायपास झालेल्यांच्या पाठपुराव्यातही तसंच दिसलं: दोन वर्षांनी सरासरी ४५ किलो कमी, सहा वर्षांनी ३६, बारा वर्षांनी ३५. वजन आधी तळाला जातं, मग थोडं वर येतं, मग स्थिरावतं. तुम्ही ७९ हा कायमचा पत्ता समजलात. तो वळणावरचा थांबा होता. ८२-८३ला स्थिर राहणं हे तुमच्यासाठी उत्तम यश असेल आणि आपण त्याच आकड्याकडे बघून बोलू.

आता पोट.

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी मागे ठेवतात. ही नळी पहिल्या महिन्यात सुजलेली, ताठर असते, तेव्हा चार चमच्यांत पोट गच्च होतं. सूज उतरते, भिंत मऊ पडते आणि वर्ष-दोन वर्षांत एका वेळचं खाणं हळूहळू वाढतं. हे व्हायलाच हवं. महिन्याभराच्या मापावर कोणी जन्मभर नीट पोषण घेऊ शकणार नाही. माझे लोक घाबरून सांगतात, “आता मी एक वाटीभर खाऊ शकते!” एक वाटी, दीड वाटी हे तिसऱ्या वर्षातलं साधं माप आहे. नळी खरोखरच जास्त फुगलेली असणं, वरचा भाग सर्जरीतच थोडा जास्त राहिलेला असणं, असं काहींच्या बाबतीत असतं. बेरियमचा एक्स-रे किंवा एंडोस्कोपीत ते दिसतं. घरी दही खाऊन पोट मोजायच्या ज्या युक्त्या फिरतात त्यांवर विसंबू नका.

पण माझ्या अनुभवात वजन परत चढण्याचं कारण ताटात क्वचितच सापडतं. दोन ताटांच्या मधे सापडतं.

याचं मूळ सर्जरी काम कशी करते यात आहे. लोकांना वाटतं, पोट लहान म्हणून खाणं कमी, म्हणून वजन कमी. हे अर्धंच खरं. जठराच्या वरच्या घुमटासारख्या भागात ग्रेलिन हे भूक जागवणारं संप्रेरक जास्त बनतं. स्लीव्हमध्ये तोच भाग जातो. शिवाय अन्न आतड्यात लवकर पोचतं आणि तिथून जीएलपी-१, पीवायवाय अशी ‘पुरे आता’ सांगणारी संप्रेरकं जोरात सुटतात. पहिल्या वर्षी म्हणूनच खाण्याची आठवणही होत नाही. आमच्या बोलण्यात याला हनिमूनचा काळ म्हणतात. पुढे शरीर सावध होतं. चरबी घटली की तिच्यातून सुटणारं लेप्टिन हे संप्रेरक घटतं आणि मेंदूला ते दुष्काळासारखं वाटतं. भूक थोडी थोडी परत येते. वजन कमी झालेलं शरीर तेवढ्याच कामाला आधीपेक्षा कमी उष्मांक खर्चतं. हे तुमच्या इच्छाशक्तीचं अपयश नाही, पण त्याची व्यवस्था तुम्हालाच लावावी लागते.

तुमचाच हिशोब घेऊ. ७९ वरून ८६ व्हायला साधारण दीड वर्ष लागलं. एक किलो चरबीत ढोबळमानाने ७,७०० उष्मांक असतात. ७ किलो म्हणजे सुमारे ५४,०००. ते ५४० दिवसांवर वाटा: रोजचे १००. शरीराचं गणित इतकं सरळ चालत नाही हे मान्य, वजन वाढलं की खर्चही वाढतो आणि थोडं वजन पाण्याचं, स्नायूंचंही असतं. तरी अंदाज यावा म्हणून सांगितलं. १०० उष्मांक म्हणजे दोन बिस्किटं, किंवा मूठभरापेक्षा कमी शेंगदाणे, किंवा मुलाच्या ताटात उरलेलं दोन घास. याला कोणी ‘खाणं’ म्हणत नाही, म्हणून ते नोंदीतही येत नाही.

एका रुग्णाचं सांगते. सर्जरीला चार वर्षं झालेली, ११ किलो परत आलेले. तिन्ही जेवणं अगदी शिस्तीत, मोजून. मी म्हटलं, तीन दिवस फक्त एवढंच लिहा की तोंडात काहीही गेलं ते किती वाजता गेलं. काय गेलं ते लिहू नका, लाज वाटते, फक्त वेळ. तीन दिवसांनी कागद आला. पहिल्या दिवशी १४ वेळा, दुसऱ्या दिवशी १७, तिसऱ्या दिवशी १६. ते स्वतःच म्हणाले, “मला वाटत होतं मी पाच वेळा खातो.” दूध-साखरेची कॉफी चार वेळा, ऑफिसात डबा उघडा असला की त्यातलं काहीतरी, स्वयंपाक करताना चव, टीव्हीपुढे चिप्स. पोट लहान असल्यामुळे एका वेळी थोडंच जात होतं, म्हणून त्यांना आपण मर्यादेत आहोत असंच वाटत होतं. सर्जरी एका बैठकीतलं खाणं आवरते. दिवसभर जे चरणं चालतं त्याला तिचा अडसर नाही. तुम्हीही हाच प्रयोग आधी करा, बाकी सगळं नंतर.

दुसरी एक गोष्ट, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते कारण ती उलट्या बाजूने येते. काहींना वजन वाढतं ते पोट सैल झालं म्हणून नाही, घट्ट अन्न नीट खाता येत नाही म्हणून! चिकन अडकतं, अंडं जड वाटतं, घाईत खाल्लं की छातीत दाटून येतं, फेस येतो. दोन-तीनदा असं झालं की माणूस नकळत मऊ, सरकणाऱ्या पदार्थांकडे वळतो. आइस्क्रीम, मिल्कशेक, बिस्किट कॉफीत बुडवून, कुरकुरीत पण तोंडात विरघळणारं काहीही. हे नळीतून सरकन निघून जातं, पोट भरल्याची खूण उमटतच नाही. मग तासाभरात पुन्हा काहीतरी. स्लीव्हनंतर छातीत जळजळ वाढणं ही नेहमीची तक्रार आहे, आणि जळजळीवर थंड दूध, आइस्क्रीम हा उपाय बरेच जण स्वतःच शोधून काढतात. तुम्हाला जळजळ आहे का हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल, किंवा घट्ट अन्न अडकत असेल, तर हा आहाराचा प्रश्न समजून माझ्यासारखीकडे येऊ नका. आधी सर्जनकडे जाऊन एंडोस्कोपी करून घ्या. नळी मधे आक्रसलेली किंवा पिळलेली असू शकते, आणि तो अडथळा दूर झाल्यावर वजनही खाली येताना मी पाहिलंय.

अन्न अडकण्यामागे असा अडथळा नसेल तर बहुधा खाण्याचा वेग हे कारण असतं. घास नखाएवढा, चावणं भरपूर, एका जेवणाला वीसेक मिनिटं. नोकरी करणाऱ्यांना हे सगळ्यात कठीण जातं हे मला माहीत आहे.

ताटात काय असावं यावर फार लिहीत नाही, तुम्हाला ते पाठ असणार. प्रथिनं दिवसाला ६० ते ८० ग्रॅम आणि ताटातली प्रथिनं आधी: अंडी, मासे, चिकन, पनीर, दही, डाळी, सोयाबीन. मग भाजी. धान्य शेवटी, जागा उरली तर. एका अंड्यात ६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, तेव्हा ‘सकाळी अंडं खाते’ एवढ्याने आकडा गाठला जात नाही. शाकाहारी व्यक्तीला डाळींवर हा आकडा गाठणं अवघड असतं, कारण डाळीसोबत पिष्टमयही बरंच येतं आणि पोटात तेवढी जागा नसते. तिथे प्रोटीन पावडर घ्यायला मी संकोच करत नाही. मात्र पावडर जेवणाच्या जागी किंवा जेवणाचा भाग म्हणून घ्यावी. जेवणावर वरून शेक प्यायलात तर तो मघाचा सरकणारा पदार्थच झाला.

पाणी दिवसाला दीड ते दोन लिटर, पण जेवताना नाही आणि जेवणानंतर अर्धा तास नाही. हा नियम पहिल्या वर्षानंतर सगळ्यात आधी सुटतो, तुमचाही सुटला असेल. जेवणावर पाणी प्यायलं की काहींना लगेच आणखी खाता येतं. शिवाय तोंडाशी ग्लास असला की चावणं कमी होतं. ज्यूस, कोल्ड्रिंक, साखरेची कॉफी हे पाणी नव्हे, हे वेगळं सांगायला नको.

आता स्नायू. पहिल्या वर्षी उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात. प्रथिनं कमी आणि व्यायाम फक्त चालण्याचा असेल तर जास्तच. स्नायू गेले की बसल्याजागी होणारा उष्मांकांचा खर्चही घटतो. माझ्याकडे येणाऱ्या बायका रोज तासभर चालतात आणि वजन हलत नाही म्हणून रडकुंडीला येतात. चालणं सोडू नका, हृदयासाठी ते हवंच. पण आठवड्यातले दोन-तीन दिवस वजन उचलण्याचे ठेवा. जिम नको असेल तर खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला टेकून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या, रबरी पट्टा. आठवड्याला १५० मिनिटं हा आरोग्यासाठीचा किमान आकडा. उतरलेलं वजन टिकवायला २५० ते ३०० मिनिटांपर्यंत जावं लागतं. दिवसाला ४० मिनिटं झाली. दुखऱ्या गुडघ्यांना पाण्यातला व्यायाम किंवा सायकल.

याशिवाय तपासून घ्यायच्या गोष्टी आहेत, त्या पटकन सांगते. थायरॉइड. गेल्या दीड वर्षात सुरू झालेली नवी औषधं: स्टेरॉइड, इन्सुलिन, मधुमेहाच्या काही गोळ्या, मानसिक आजारांवरची काही औषधं वजन वाढवतात. त्यांतलं कुठलंही स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही. डॉक्टरांना पर्याय विचारायचा. झोप. सर्जरीपूर्वी झोपेत श्वास अडकतो म्हणून मशीन वापरत असाल आणि वजन उतरल्यावर सोडून दिलं असेल तर पुन्हा तपासणी. वय ४१ म्हणजे मासिक पाळीतले बदलही विचारात घ्यावे लागतील.

आणि दारू. विचारायला अवघड वाटतं म्हणून आम्ही विचारत नाही आणि तुम्ही सांगत नाही. सर्जरीनंतर तीच मात्रा रक्तात लवकर आणि जास्त चढते आणि नशा उतरायला वेळ लागतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत दारूच्या व्यसनाचं प्रमाण सर्जरीपूर्वी ७.६ टक्के होतं, ते दुसऱ्या वर्षी ९.६ टक्क्यांवर गेलं. ही वाढ मुख्यतः बायपासवाल्यांत दिसली. आधी जे दुःख, कंटाळा, ताण खाण्याने शमत होता तो सर्जरीनंतर कुठेतरी जातोच. कोणाचा दारूकडे, कोणाचा खरेदीकडे, कोणाचा त्या दिवसभराच्या चरण्याकडे. कधी कधी तो आतच राहतो. बारीक झाल्यावर आयुष्य बदलेल असं वाटलेलं असतं, आणि लोंबणारी कातडी, जुनीच भांडणं, आरशातला अनोळखी चेहरा हे समोर येतं. सर्जरीनंतर काही जणांत नैराश्य आणि स्वतःला इजा करण्याचा धोका वाढलेला दिसतो. ‘मी नापास झाले’ हे वाक्य तुम्ही रोज मनात म्हणत असाल, झोप उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांची वेळ आधी घ्या, माझी नंतर. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर वेळ ठरवत बसू नका. त्याच दिवशी घरच्या कोणाला तरी सांगा आणि डॉक्टरांकडे जा.

गोळ्यांबद्दल तुम्ही एक शब्दही लिहिलेला नाही, त्यामुळे माझी शंका अशी की त्या बंद आहेत. तिसऱ्या वर्षापर्यंत निम्मे तरी लोक बंद करतात असं माझं निरीक्षण आहे; बरं वाटतंय, मग कशाला! रोजचं मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, लोह आणि कॅल्शियम हे जन्मभराचं काम आहे. कॅल्शियम दिवसाला अन्न धरून १,२०० ते १,५०० मिलिग्रॅम, शक्यतो सायट्रेट, दोन-तीन भागांत. कारण एका वेळी ५०० ते ६०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नीट शोषलं जात नाही. पाळी सुरू असलेल्या बाईला लोह ४५ ते ६० मिलिग्रॅम. लोह आणि कॅल्शियम यांच्यात दोन तासांचं अंतर, नाहीतर एकमेकांच्या आड येतात. वर्षातून एकदा रक्ततपासणी: हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, फोलेट, ड, कॅल्शियम, पॅराथायरॉइड हार्मोन, अल्ब्युमिन, लिव्हर, किडनी, साखर. लोह कमी असलं की थकवा येतो, थकलं की व्यायाम सुटतो आणि गोड खावंसं वाटतं. वजनाशी याचा संबंध असा आहे.

एक मात्र ठळकपणे. सतत उलट्या होऊ लागल्या, खाणं जवळपास बंद झालं, तर ब-१ म्हणजे थायमिन काही आठवड्यांतच संपतं. दोन-दोन दिसणं, चालताना तोल जाणं, गोंधळल्यासारखं वागणं, पायांत मुंग्या ही त्याची लक्षणं, आणि वेळ गेली तर मेंदूला कायमची इजा होते. अशा वेळी दवाखान्यात पोचल्याबरोबर ‘माझी वजनाची सर्जरी झाली आहे, ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन द्या’ हे वाक्य स्वतः किंवा सोबतच्या माणसाने बोलायचंच. हे वाक्य मी लोकांना कागदावर लिहून पाकिटात ठेवायला देते.

आता तुमचा दुसरा प्रश्न. पाच दिवस पातळ पदार्थांवर राहिल्याने पोट लहान होत नाही. नळी म्हणजे रबरी फुगा नाही की हवा काढली की आक्रसला. पाच दिवसांत दोन-तीन किलो कमी दिसतील. ते मुख्यतः पाणी असेल, कारण शरीरातला ग्लायकोजेनचा (साठवलेल्या साखरेचा) साठा संपतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी जातं. सहाव्या दिवशी जेवलात की ते परत. शिवाय पातळ अन्नाची सवय, जी तुम्हाला मोडायची आहे, तीच आपण पाच दिवस गिरवतो. यापेक्षा पाच दिवस घट्ट अन्न, ठरलेल्या चार वेळा, मधे फक्त पाणी असा ‘रीसेट’ करा. पहिले दोन दिवस चिडचिड होईल. तिसऱ्या दिवशी बहुतेकांना कळतं की अर्ध्या वेळा भूक नव्हतीच.

दुसरी सर्जरी. तुमच्या आत्ताच्या आकड्यांवर मी तरी त्या दारात पाठवणार नाही. स्लीव्हची बायपास करता येते, आणि जळजळ असह्य असेल, अन्ननलिकेला इजा होत असेल, तर ती चांगली गोष्ट ठरते. पण निव्वळ वजनासाठी केलेल्या दुसऱ्या सर्जरीत पहिलीपेक्षा कमी वजन उतरतं आणि धोका जास्त असतो. दुसऱ्यांदा भूल, चिकटलेले थर, शोषण कमी होणं हे सगळं आलं. आणि दिवसातून सोळा वेळा खाण्याची सवय तशीच ठेवून नव्या पोटात गेलात तर ती सवय नवं पोटही जुनं करून टाकते.

मधली वाट आता आहे: लिराग्लुटाइड, सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड या गटातली भूक कमी करणारी इंजेक्शनं. सर्जरीनंतर परत वाढलेल्या वजनासाठी ती वापरली जातात आणि गुणही येतो. काही जणांना वाटतं, सर्जरी करूनही इंजेक्शन घ्यावं लागलं म्हणजे हरलो. रक्तदाबाच्या दोन गोळ्या लागणाऱ्याला आपण असं म्हणत नाही. पण तीन अटी. औषध थांबवल्यावर भूक परतते, म्हणजे हा दोन महिन्यांचा कोर्स नव्हे. भूक आणखी मेल्यावर प्रथिनं आणि पाणी आणखी खाली घसरतात, तेव्हा नोंद ठेवावीच लागते. आणि मळमळ-उलट्या झाल्या तर थायमिनची वरची सगळी गोष्ट लागू होते. गरोदर राहायचा विचार असेल तर ही औषधं आधी थांबवायची असतात, किती आधी ते डॉक्टर सांगतील.

पुढचे आठ आठवडे मी तुम्हाला असे देईन. पहिले तीन दिवस फक्त वेळांची नोंद. मग चार ठरलेल्या वेळा, मधे पाणी. दोन आठवड्यांत रक्ततपासणी आणि गोळ्या पुन्हा सुरू. तिसऱ्या आठवड्यापासून स्नायूंचा व्यायाम, आठवड्यातून दोनदा, वीस-वीस मिनिटं. वजन आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी, पोट साफ झाल्यावर. रोज काट्यावर चढणारे पाण्याच्या चढउताराने हैराण होतात, आणि सहा महिने न चढणारे नंतर माझ्याकडे मान खाली घालून येतात. आठ आठवड्यांत दोन किलो उतरले तरी मी खूश. काटा नुसता थांबला तरी चालेल, कारण आत्ता तो चढतोय. आणि पुढची रेघ आजच ठरवून घरातल्या कोणाला तरी सांगून ठेवा: ९० दिसले की वाट न बघता सर्जरीच्या टीमची वेळ घ्यायची, ‘पुढच्या महिन्यात कमी करून मग जाते’ म्हणायचं नाही.

आता धाकटी बहीण. तुमचं वजन परत चढतंय म्हणून तिने सर्जरी टाळावी असं नाही, आणि तुमचं ३२ किलो उतरलं म्हणून तिने तीच सर्जरी करावी असंही नाही. तिला मधुमेह जुना आणि इन्सुलिनवर असेल तर बायपासचं पारडं जड होतं. सांधेदुखीवरची वेदनाशामक औषधं कायम लागत असतील, धूम्रपान असेल, तर बायपासच्या जोडावर अल्सर होण्याची भीती असते. तिथे स्लीव्ह बरी. दोन वर्षांत मूल हवं असेल तर आधी ते की आधी सर्जरी हे ठरवावं, कारण सर्जरीनंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायला सांगतात आणि वजन उतरू लागलं की पूर्वी न राहणारा गर्भ अचानक राहू शकतो. टीममध्ये आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ आहेत का, पाच वर्षांनंतरचा फॉलोअप कोण बघतं, हे तिने सर्जनला तोंडावर विचारावं. आणि तिला आधीपासून जळजळ असेल तर एंडोस्कोपी अगोदर करून घ्या. रिपोर्ट हातात येईपर्यंत कुठली सर्जरी ते ठरवू नका.